डीजी सेट गरम होतोय? आधी 'किती वेळाने' ते विचारा

आयटीआय करून डिझेल जनरेटरच्या (डीजी) सर्व्हिसला लागलात की एक तक्रार लवकरच येणार: "डीजी गरम होऊन बंद पडतो." पॅनेलवर हाय वॉटर टेम्परेचरचा दिवा, भोवती चार माणसं, आणि त्यातलं कुणीतरी "थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाका" म्हणणारं. पान्याला हात लावण्याआधी ऑपरेटरला विचारा, सुरू केल्यावर किती वेळाने ट्रिप झाला आणि तेव्हा लोड किती होता? अर्धं निदान त्या उत्तरात असतं.

थंड इंजिन स्टार्ट करताच वॉर्निंग आली तर पाणी तापलेलंच नसतं. सेन्सरची वायर घासून बॉडीला लागली आहे का ते बघा. पाच-दहा मिनिटांत आली तर बहुधा पाणी फिरत नाही: कूलंट कमी, बेल्ट सैल, थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकलेला किंवा वॉटर पंप गेलेला. तासभर लोडवर चालून मग आली, तर पाणी फिरतंय, पण उष्णता बाहेर पडत नाही.

मला सगळ्यात जास्त भेटला तो हा तिसरा प्रकार, आणि नवी मुलं चकतात तीही इथेच. गाडीचा पंखा रेडिएटरमधून हवा आत ओढतो. डीजीमध्ये बहुतेक वेळा उलटं असतं: पंखा इंजिनावरची हवा रेडिएटरमधून बाहेर ढकलतो. म्हणून कचरा पंख्याकडच्या, आतल्या बाजूला साचतो. बाहेरून टॉर्च मारली तर जाळी स्वच्छ दिसते आणि माणूस पुढे जातो. आत ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, आलेली तेलाची वाफ फिनवर (रेडिएटरच्या पातळ पट्ट्यांवर) बसलेली असते, तिच्यावर धूळ. इचलकरंजी-भिवंडीकडे लूमच्या शेडजवळ सेट असेल तर कापसाच्या तंतूंचा अक्षरशः नमदा झालेला असतो. डीग्रीझर मारून बाहेरून आतल्या दिशेने धुवा, दाब कमी ठेवा, नाहीतर फिन वाकतात. अल्टरनेटर झाकायला विसरू नका. आणि आत हात घालण्यापूर्वी ऑटो मोड बंद करून बॅटरीची निगेटिव्ह काढाच. वीज गेली की एएमएफ पॅनेल इंजिन आपोआप सुरू करतं, तुमचा हात कुठे आहे हे त्याला कळत नाही.

जाळी साफ असूनही त्रास असेल तर टेम्परेचर गन घ्या. लोडवर रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या होजचं तापमान मोजा. दोन्ही जवळपास सारखे तापले असतील तर रेडिएटर उष्णता टाकत नाहीये. फरक खूप मोठा असेल तर पाण्याचा प्रवाह कमी आहे, कदाचित बोअरच्या पाण्याचे क्षार आत बसलेत. कॅनॉपीत, म्हणजे सेटभोवतीच्या बंद पेटीत, शिरणाऱ्या हवेचं तापमानही मोजा. बाहेरच्यापेक्षा बरीच गरम असेल तर रेडिएटरची गरम हवा समोरच्या भिंतीवर आपटून परत येतेय. लोक मदत म्हणून कॅनॉपीची दारं उघडी ठेवतात, त्याने हवेचा ठरलेला मार्ग मोडतो आणि काही सेट उलट जास्त तापतात.

लोड क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजवर बघा. 125 केव्हीएच्या सेटला 415 व्होल्टवर पूर्ण लोडचा करंट साधारण 174 अँपिअर; त्याहून जास्त दिसला तर सेट ओव्हरलोड आहे.

थर्मोस्टॅट काढण्याच्या सल्ल्याबद्दल स्पष्ट सांगतो: करू नका. अनेक इंजिनांत तो उघडताना बायपासचा रस्ता बंद करतो. तो काढला की बरंच पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच गरम परत येतं.

गरम रेडिएटरची कॅप कधीही उघडू नका. कॅपने दाब धरलेला असतो म्हणून पाणी 100 अंशांच्या वरही उकळत नाही. दाब सुटताच उकळतं आणि तोंडावर येतं. गरम ब्लॉकमध्ये थंड पाणीही ओतू नका, हेड तडकू शकतं. गेजवरही आंधळा विश्वास नको, कूलंट पार गळून सेन्सर कोरडा पडला की काटा कमी तापमान दाखवू शकतो.

दुरुस्तीनंतर तासभर तरी खऱ्या लोडवर चालवा, दर दहा मिनिटांनी तापमान लिहा. आकडा एका जागी स्थिरावला तरच सही घ्या. शेवटच्या नोंदीतही तो चढतच असेल, तर दोष अजून आत आहे.