स्क्रोलबार दिसतो पण चालत नाही? टीकिंटरमधल्या या चुका टाळा

टीकिंटरमध्ये, म्हणजे पायथनच्या खिडक्या-बटणं बनवायच्या लायब्ररीत, स्क्रोलबार लावला, तो दिसतोयही, पण ओढला तरी मजकूर ढिम्म हलत नाही, असं झालं की आधी जोडणी बघा. ती दोन्ही बाजूंनी करावी लागते आणि आपण एकच बाजू करून मोकळे होतो. टेक्स्टच्या (मजकूर दाखवणाऱ्या विजेटच्या) वायस्क्रोलकमांडला स्क्रोलबारचं सेट द्यायचं आणि स्क्रोलबारच्या कमांडला टेक्स्टचं वायव्ह्यू. पहिलं राहिलं तर मजकूर सरकतो पण पट्टी जागेवरच, दुसरं राहिलं तर पट्टी ओढून काहीच होत नाही. आणि वायव्ह्यूपुढे कंस लावू नका हं, कंस लावला की ते फंक्शन तिथल्या तिथे चालून जातं आणि कमांडच्या हाती नुसते दोन आकडे येतात.

फ्रेमला, म्हणजे इतर विजेट्स ठेवायच्या चौकटीला, स्वतःचं स्क्रोलिंग नसतं, म्हणून ती स्क्रोल होणाऱ्या कॅनव्हास विजेटच्या आत बसवतात. बसवायची मात्र क्रिएट विंडोने, पॅकने नाही, पॅक केलेली फ्रेम कॅनव्हाससोबत सरकतच नाही. स्क्रोलरीजन, म्हणजे कॅनव्हासचा किती भाग सरकवता येईल ते, सुरुवातीला एकदाच दिला की अजून एक गोची होते, कारण तेव्हा फ्रेमचा खरा आकार ठरलेलाच नसतो. तो फ्रेमच्या कॉन्फिगर इव्हेंटवर (आकार बदलला की येतो तो) दर वेळी नव्याने द्या.

माऊसच्या चाकाचं थोडक्यात: विंडोजवर डेल्टा (चाक किती फिरलं तो आकडा) १२० च्या पटीत येतो, मॅकवर टीके ८.६ मध्ये (टीके म्हणजे टीकिंटरच्या मागचं टूलकिट) अगदी लहान, त्यामुळे १२० ने भागून पूर्णांक केला की मॅकवर शून्य उरतं आणि काही हलत नाही. लिनक्सवर टीके ८.६ मध्ये तर बटन ४ आणि बटन ५ असे वेगळेच इव्हेंट बांधावे लागतात.

पण मला सगळ्यात जास्त खटकते ती लॉग विंडोमधली, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदी ओळीओळीने दाखवणाऱ्या खिडकीतली चूक. माझ्या एका टूलमध्ये दर सेकंदाला नवीन ओळ यायची आणि मी प्रत्येक ओळीनंतर बिनदिक्कत सी फंक्शनने विंडो शेवटाला नेत होतो. एकदा सोबतचा एकजण वर जाऊन एरर वाचत होता, दोन शब्द वाचले की विंडो धाडकन खाली, परत वर गेला, परत खाली, शेवटी त्याने मोबाईलवर स्क्रीनचा फोटो काढून ती ओळ वाचली. बघून फार वाईट वाटलं. उपाय दोन ओळींचा आहे. वायव्ह्यू आर्ग्युमेंट न देता बोलावलं की ० ते १ मधले दोन अपूर्णांक देतं, त्यातला दुसरा १.० असेल तर माणूस तळाशीच आहे, तरच खाली न्या, नाहीतर तो आहे तिथे राहू द्या. फक्त ही तपासणी इन्सर्टच्या आधी करा, नंतर केली तर नवीन ओळीमुळे तळ आधीच पुढे सरकलेला असतो आणि तळाशी बसलेल्या माणसालाही नवीन ओळी दिसायच्या बंद होतात.