गजकर्णावर मलम लावताना या चुका टाळा

पावसाळ्यात घामाने कपडे अंगाला चिकटू लागले की जांघेत, काखेत आणि कमरेच्या पट्ट्याखाली गजकर्णाचे चट्टे उमटू लागतात. हा बुरशीचा संसर्ग आहे आणि योग्य उपचारांनी तो बरा होतो. तरीही अनेकांचा तो महिनोन्‌महिने रेंगाळतो आणि याचे एक मोठे कारण म्हणजे मेडिकलमध्ये जाऊन ‘खाजेची ट्यूब द्या’ असे सांगून आणलेले मिश्र मलम.

अशा मलमात बुरशीविरोधी औषधाच्या जोडीला क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोनसारखे तीव्र स्टेरॉइड असते. स्टेरॉइडमुळे त्वचेची प्रतिकारशक्ती दबते, म्हणून लाली आणि खाज दोन-तीन दिवसांत ओसरते आणि औषध लागू पडले असे वाटते. बुरशी मात्र आतल्या आत पसरत राहते व मलम थांबवताच दुप्पट जोराने वर येते. गजकर्णाची खरी ओळख म्हणजे लालसर, किंचित उंचावलेली, कोंडा सुटणारी कड आणि मधोमध निवळलेली त्वचा. स्टेरॉइडने ही कडच पुसट होते, त्यामुळे पुढे डॉक्टरांनाही निदान अवघड जाते. जांघेतली त्वचा पातळ होऊन तिथे पडणारे ताणाचे पट्टे तर कायमचे राहतात. २०१८ मध्ये सरकारने स्टेरॉइडच्या अनेक मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी आवश्यक केली ती उगीच नव्हे. ट्यूबवरील घटकांची नावे वाचूनच ती विकत घ्यावी.

खाज थांबली की उपचार सोडणे ही दुसरी चूक. मलम चट्ट्याच्या कडेबाहेर सुमारे दोन सेंटीमीटरपर्यंत लावावे आणि त्वचा स्वच्छ दिसू लागल्यावरही साधारण दोन आठवडे चालू ठेवावे. टर्बिनाफिन या बुरशीविरोधी औषधाला दाद न देणारी बुरशी आता भारतात सर्रास आढळते, त्यामुळे शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेणे धोक्याचे आहे. लसूण किंवा लिंबू चोळल्यास त्वचा भाजते.

घरातील एकानेच औषध घेतले आणि टॉवेल सर्वांचा एकच राहिला, तर संसर्ग फिरत राहतो. बाधित व्यक्तीचे कपडे वेगळे, गरम पाण्यात धुऊन उलटे करून उन्हात वाळवावेत. कमरेचा ओलसर करदोटा काही काळ काढून ठेवावा, कारण तो बुरशीला आसरा देतो.

प्रत्येक चट्टा गजकर्णाचा नसतो. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांतील पुरळ आणि घरातील इतरांनाही तोच त्रास असेल तर खरजेची शंका घ्यावी. शंका असल्यास त्वचेचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येतो आणि या साध्या तपासणीत बुरशीचे तंतू दिसू शकतात. मात्र फिकट किंवा लालसर चट्ट्याला खाज नसेल व तिथे स्पर्श नीट जाणवत नसेल, तर कोणतेही मलम न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचे औषध तेथे मोफत मिळते आणि ते जितके लवकर सुरू होईल, तितके नसांचे नुकसान टळते.