टाइम ट्रायल बाइक की ट्रायथलॉन बाइक : निवड कशी करावी

टाइम ट्रायल म्हणजे घड्याळाविरुद्ध एकट्याने पळवायची सायकल शर्यत, ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं एकापाठोपाठ. लांबून पाहिलं तर या दोन शर्यतींच्या सायकलींत फरक सांगता येत नाही. कोपरं टेकवून वाकून बसण्यासाठी पुढे झेपावलेले दांडे, म्हणजे एअरोबार, पात्यासारखी चपटी फ्रेम, खोल रिमची चाकं. बरेच विक्रेतेही एकच सायकल दोन्ही नावांनी विकतात आणि पुष्कळ वेळा त्यात काही गैर नसतं. पण काही बाबतींत दोघींचे रस्ते वेगळे होतात. तिथे चुकीची निवड झाली, तर एक तर सायकल शर्यतीआधीच्या तपासणीत अडते, नाहीतर ती वेगवान असूनही तिच्यावर शेवटपर्यंत नीट बसवत नाही.

टाइम ट्रायल बाइकवर आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाचे, म्हणजे यूसीआयचे नियम चालतात. ट्रायथलॉनला ते जसेच्या तसे लागू नाहीत. तिथे वर्ल्ड ट्रायथलॉन किंवा आयर्नमॅनसारख्या आयोजकांची स्वतःची नियमावली असते आणि सायकलीच्या आकाराबाबत ती बरीच सैल असते. फरकाचं मूळ एवढंच. मात्र देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली आहे. 1989च्या टूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशी व्हर्साय ते पॅरिस अशी 24.5 किलोमीटरची टाइम ट्रायल होती. अमेरिकी स्वार ग्रेग लेमाँड 50 सेकंदांनी मागे होता. ट्रायथलॉनवाले वापरत होते तसे एअरोबार लावून तो उतरला आणि आघाडीवरच्या लोराँ फिन्योंला मागे टाकून संपूर्ण शर्यत 8 सेकंदांनी जिंकला. त्याच सुमारास अमेरिकेत क्विंताना रू कंपनीने खास ट्रायथलॉनसाठी सायकल काढली. तिची सीट ट्यूब, म्हणजे सीटखालची फ्रेमची नळी, रोड बाइकपेक्षा बरीच उभी होती. आजच्या ट्रायथलॉन बाइकचा, म्हणजे ट्राय बाइकचा, सांगाडा तिथून सुरू झाला.

आधी शर्यती ठरवा

सायकल बघायला जाण्याआधी पुढच्या दोन हंगामांत कोणत्या शर्यतींत उतरायचं आहे ते कागदावर लिहून काढा. प्रत्येकीसमोर अंतर लिहा आणि नियम कोणाचे ते लिहा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

यूसीआयच्या नियमांखालची एकही शर्यत यादीत असेल, तर फ्रेम मान्यताप्राप्त हवी. अशा फ्रेमवर यूसीआयच्या मान्यतेचं लेबल असतं, ते डोळ्यांनी पाहून घ्या. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर थांबू नका. फ्रेम मान्य असली तरी बैठकीचे, म्हणजे सायकलीवर कसं बसायचं याचे, नियम वेगळे पाळावे लागतातच. सॅडलचं (सीटचं) टोक बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे क्रँक ज्याभोवती फिरतात त्या मधल्या अक्षाच्या, पुढे येऊन चालत नाही. एअरोबार किती पुढे आणि किती वर जाऊ शकतात, याला स्वाराच्या उंचीप्रमाणे मर्यादा आहे. सॅडलची लांबीही 24 ते 30 सेंटीमीटरमध्येच असावी लागते. स्थानिक हौशी शर्यतींचं गणित मात्र वेगळं असू शकतं, म्हणून आयोजकांची नियमपुस्तिका उघडून वाचा.

यादीत फक्त ट्रायथलॉन असेल तर आणखी एक प्रश्न विचारा : ड्राफ्टिंगला परवानगी आहे का? ऑलिंपिकमध्ये, तसंच ज्या शर्यतींत दुसऱ्याच्या मागे लागून सायकल चालवता येते तिथे, साध्या वाकड्या हँडलची रोड बाइकच लागते. गटात चालवताना एअरोबारवर कोपर टेकलेल्या स्वाराचे हात ब्रेकपासून लांब असतात आणि ते सगळ्यांसाठीच धोक्याचं ठरतं. तुमच्या सगळ्या शर्यती अशा असतील तर या दोन्हींपैकी एकही सायकल घेऊ नका. चांगली रोड बाइक घ्या.

मग स्वतःला विचारा : ही बैठक किती वेळ टिकवायची आहे?

माझ्या मते सगळ्यात जास्त विचार इथे व्हायला हवा, आणि लोक नेमकं हेच घाईत उरकतात.

सपाट रस्त्यावर वेग वाढला की हवेचा विरोध बाकी सगळ्यावर मात करतो. त्याच्यावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग 10 टक्क्यांनी वाढवायचा तर हवेसाठी सुमारे 33 टक्के जास्त जोर लावावा लागतो. त्या विरोधातला मोठा वाटा सायकलीचा नसून स्वाराच्या शरीराचा असतो. ढोबळमानाने तीन चतुर्थांश. म्हणजे फ्रेमच्या नळीचा आकार कितीही सुबक असला, तरी तुम्ही अवघडून वारंवार उठून बसत असाल तर तो फायदा हातातून जातो.

40 किलोमीटरच्या टाइम ट्रायलमध्ये तासभर दात-ओठ खाऊन सोसता येतं. मान दुखली, पाठ आखडली तरी रेषा ओलांडली की सायकलीवरून उतरायचं. पूर्ण अंतराच्या ट्रायथलॉनमध्ये 3.8 किलोमीटर पोहून झाल्यावर 180 किलोमीटर सायकल असते आणि नंतर 42.2 किलोमीटर धावणं बाकी असतं. हौशी स्वाराला त्या सायकलीवर पाच-सहा तास, कधी जास्तच, काढावे लागतात. तिथे थोडी उंच पण न हलता टिकणारी बैठक शेवटी वेगवान ठरते.

ट्राय बाइकची सीट ट्यूब साधारण 76 ते 80 अंशांत असते, रोड बाइकची 73च्या आसपास. सॅडलच्या नेहमीच्या उंचीला एक अंश म्हणजे सॅडल सुमारे सव्वा सेंटीमीटर पुढे. चार-पाच अंशांत शरीर चांगलंच पुढे सरकतं. त्याने काय होतं ते घरच्या ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर, पाहता येईल. कोणाला तरी बाजूने व्हिडिओ काढायला सांगा. सॅडल मागे ठेवून कोपरं खाली टेकवा. पॅडल वर येतं त्या क्षणी मांडी पोटाला भिडते, श्वास अडतो, आणि गुडघा वाट काढण्यासाठी बाहेर फेकला जातो. आता सॅडल पुढे घ्या, पुढचा भागही त्या मानाने पुढे सरकवा, आणि पुन्हा चालवा. धड आणि मांडी यांच्यातला कोन उघडलेला दिसेल, गुडघा सरळ वरखाली होईल. अशा बैठकीनंतर पळताना पाय मोकळे वाटतात, असा अनेक ट्रायथलीटांचा अनुभव आहे. अभ्यासांचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत, त्यामुळे दुसऱ्याच्या अनुभवावर विसंबू नका. सायकल झाल्याझाल्या वीस मिनिटं पळून स्वतः पाहा.

आखूड क्रँकनेही (पॅडलच्या दांड्यानेही) हाच कोन उघडतो. 172.5 मिलिमीटरऐवजी 165 किंवा त्याहून आखूड क्रँक लावले तर पॅडल वरच्या टोकाला तेवढं कमी वर येतं. यूसीआयच्या चौकटीत राहायचं असलेल्यांना हा उपाय फार उपयोगी पडतो.

दोऱ्याने मोजून पाहा

आजची तुमची बैठक कोणत्या सायकलीत बसते, हे समजायला महागडं उपकरण लागत नाही. सायकल सपाट जमिनीवर, ट्रेनरवर सरळ उभी करा. दोन्ही चाकं समपातळीत हवीत, पुढच्या चाकाखाली ठोकळा द्यावा लागेल. मजबूत दोऱ्याला एक नट बांधून ओळंबा तयार करा, तो सॅडलच्या पुढच्या टोकावरून खाली सोडा आणि स्थिर होऊ द्या. दोरा बॉटम ब्रॅकेटच्या मध्याच्या मागून जातोय की पुढून, ते मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा.

दोरा मागून जात असेल आणि तुम्ही सॅडलवर सुखाने बसत असाल, तर यूसीआयच्या नियमातली टाइम ट्रायल बाइक तुम्हाला जमेल. कागदावर दोरा मागे आहे, पण चालवताना तुम्ही सतत घसरत टोकावर येऊन बसता, असं असेल तर शरीर पुढची जागा मागतंय. आखूड किंवा दुभंगलेल्या नाकाच्या सॅडलने हा पेच बऱ्याचदा सुटतो, कारण टोक मागे ठेवूनही बसता पुढे येतं. नाजूक भागावरचा दाबही त्याने कमी होतो. बधिरपणा जाणवत असेल तर ‘सवय होईल’ म्हणून सोसू नका, सॅडल बदला.

फ्रेमचा आकार : स्टॅक आणि रीच

या सायकलींत एस, एम, एल अशा अक्षरांवर माप ठरवू नये. दोन आकडे पाहा : बॉटम ब्रॅकेटपासून हेड ट्यूबच्या (फ्रेमच्या पुढच्या नळीच्या) माथ्यापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक आणि आडवं अंतर म्हणजे रीच. टाइम ट्रायलच्या फ्रेमचा पुढचा भाग बहुधा खाली असतो. ट्राय बाइकमध्ये आर्मपॅड (कोपरांखालच्या गाद्या) वर घ्यायला जास्त जागा ठेवलेली असते.

पण तेवढ्यावर थांबू नका. तुमच्या कोपरांची जागा म्हणजे पॅडचा स्टॅक आणि रीच, आणि खरं काम त्याचंच असतं. चांगल्या बाइक फिटरकडून, म्हणजे शरीराच्या मापाने सायकल जुळवणाऱ्याकडून, आधी हे आकडे काढून घ्या आणि ते खिशात ठेवून दुकानात जा. फिटिंगवर खर्च करायला लोक कचरतात, चाकांवर मात्र सहज करतात. मला हे उलटं वाटतं. एकदा तुमचे आकडे हातात आले की चुकीच्या मापाची फ्रेम कितीही स्वस्त मिळाली तरी तिचा मोह होत नाही.

पाणी आणि खाणं कुठे ठेवणार?

यूसीआयच्या नियमांत बाटलीच्या आकारालाही मर्यादा आहेत. ती फ्रेमच्या आतल्या बाजूलाच लावावी लागते आणि तिचा हवेसाठी आवरण म्हणून वापर करता येत नाही. तासाभराच्या शर्यतीत पाण्याचा प्रश्न फारसा येतही नाही. ट्राय बाइकमध्ये मात्र पाण्याची टाकी, खाण्याचा डबा, पंक्चरचं सामान हे सगळं फ्रेममध्येच सामावलेलं असतं. स्पेशलाइज्ड कंपनीने शिव नावाखाली दोन वेगळ्या सायकली केल्या आहेत. एक यूसीआयच्या चौकटीतली टाइम ट्रायलसाठी, दुसरी ट्रायथलॉनसाठी. दुसरीत पाण्याची टाकी मागच्या भागात बसवली आहे. कॅनियनची स्पीडमॅक्सही अशी दोन रूपांत मिळते.

हे सामान दाखवण्यापुरतं आहे की कामाचं, ते तपासायला टाकी स्वतः भरून पाहा. एअरोबारवरून हात न काढता पाणी पिता येतं का? डब्याचं झाकण ओल्या बोटांनी उघडतं का? टाकी आतून घासून धुता येते का? साखरेचं पाणी राहिलेली टाकी धुता आली नाही तर थोड्याच दिवसांत तिला वास येतो.

चाकं, ब्रेक, गिअर

यावर फार वेळ घालवू नका, ते नंतर बदलता येतात. फक्त एवढं लक्षात ठेवा की भरीव डिस्क चाक सगळीकडे चालत नाही. हवाईतल्या कोना इथल्या आयर्नमॅन जागतिक स्पर्धेत वाऱ्यामुळे त्याला अनेक वर्षं मनाई होती. चढाचा मार्ग असेल तर सगळ्यात हलका गिअर पुरेसा हलका आहे का ते पाहा.

जुनी सायकल घेताना

जुन्या टाइम ट्रायल आणि ट्राय बाइक बाजारात बऱ्याच असतात, आणि अनेक कमी चाललेल्या असतात. घेण्याआधी स्टेम (हँडल धरणारा तुकडा) आणि हँडल सुटे आहेत की कंपनीचे खास जोडलेले, हे विचारा. खास जोडलेला पुढचा भाग तुमच्या मापाचा नसेल तर सुटा भाग मिळणं अवघड जातं. पॅडखालचे स्पेसर (उंची वाढवणारे तुकडे) आणि सगळे बोल्ट सोबत मिळतात का, तेही पाहा. प्रवास करणार असाल तर सायकल पेटीत भरताना काय काय सोडावं लागतं, हे विक्रेत्याला प्रत्यक्ष करून दाखवायला सांगा. ब्रेकची नळी सोडल्याशिवाय हँडल निघत नसेल, तर विमानप्रवासाआधी आणि नंतर मेकॅनिक शोधावा लागेल.

माझा कौल

यूसीआयची एकही शर्यत यादीत नसेल आणि अर्ध्या किंवा पूर्ण अंतराची ट्रायथलॉन असेल, तर निःशंक ट्राय बाइक घ्या. दोन्हीकडे उतरणार असाल तर यूसीआय-मान्य फ्रेम घ्या आणि तिला दोन बैठका ठरवून ठेवा. काही सीटपोस्टवर (सॅडलच्या खांबावर) सॅडल पुढे-मागे बरीच सरकते, त्यावर दोन्ही खुणा बारीक चिकटपट्टीने करून ठेवता येतात. मान्य फ्रेमवर ट्रायथलॉन करता येतं, पण अमान्य फ्रेम यूसीआयच्या तपासणीतून जात नाही. पहिलंच ट्रायथलॉन असेल तर मात्र हातातल्या रोड बाइकला क्लिप-ऑन एअरोबार लावा, सॅडल थोडी पुढे घ्या आणि एक हंगाम काढा. आयोजक ते चालवून घेतात ना, तेवढं आधी विचारा.

कोणतीही घेतली तरी शर्यतीआधी निदान सहा आठवडे हातात ठेवा. पहिले दिवस रिकाम्या, सरळ रस्त्यावर चालवा. एअरोबारवरून बेसबारवरच्या, म्हणजे मुख्य आडव्या हँडलवरच्या, ब्रेककडे हात नेणं, बाजूने वारा आल्यावर कोपरं सैल ठेवणं, एका हाताने बाटली काढून परत ठेवणं, हे सगळं न बघता जमेपर्यंत रहदारीच्या रस्त्यावर एअरोबारवर टेकू नका.