एकच ‘बघणे’, पण इंग्रजीत सी, लुक की वॉच?

नागपूरच्या फुटाळा तलावावर मावळता सूर्य बघायचा, मधेच घड्याळ बघायचं आणि घरी येऊन टीव्हीवर जामठा स्टेडियममधली मॅच बघायची. मराठीत एका क्रियापदात भागतं, इंग्रजीत भागत नाही. त्यामुळे नुसते अर्थ पाठ करू नका. वहीच्या एका पानावर मराठी क्रियापद लिहा, खाली त्याची इंग्रजी भावंडं लिहा आणि एकेक कसोटी लावा.

आधी विचारा: आपोआप की मुद्दाम? दिसलं, ऐकू आलं तर सी आणि हिअर. नजर वळवली, कान दिला तर लुक आणि लिसन. हलत्या-बदलत्या गोष्टीवर थोडा वेळ नजर ठेवली तर वॉच. स्टेडियममधल्या मॅचला सीसुद्धा चालतं. टीव्हीला मात्र वॉच.

नागपूरकर अडखळतात ते इथेच. ‘आवाज ऐकू येऊन राहिला का?’ हे तोंडात इतकं बसलेलं असतं की फोनवर ‘आय ॲम हिअरिंग यू’ निघून जातं. आपोआप होणाऱ्या क्रियेला सहसा आयएनजी लावत नाहीत; ‘आय कॅन हिअर यू’ म्हणा. ‘समजून राहिलं’ म्हणजे ‘आय अंडरस्टँड’. पण ‘आय ॲम सीइंग द डॉक्टर टुमॉरो’ बरोबर आहे, कारण तिथे सी म्हणजे भेटणे.

मग क्रियापदाला चिकटून काय येतं ते बघा. टेलला लगेच माणूस लागतो: ‘टेल मी’. (‘टेल अ लाय’सारख्या ठरलेल्या जोड्या सोडा.) ‘से मी’ चूक, ‘ही सेड दॅट’ बरोबर. ‘तो बोलला की’ म्हणायची सवय असली की ‘ही स्पोक दॅट’ होतं, तेही चूकच. वस्तूआधी लुकला ॲट, लिसनला टू. वॉच आणि हिअरला काही नको.

शेवटी दिशा. उसने घेणारा बॉरो करतो, देणारा लेंड. सदर भागात राहणारी मावशी फोनवर ‘येताना संत्री आण’ म्हणाली, तर तुम्ही ‘आय विल ब्रिंग देम’ म्हणता, कारण वस्तू ऐकणाऱ्याकडे चालली आहे. घरून बर्डीच्या बाजारात जाताना पिशवी न्यायची, तर टेक.

पानावर प्रत्येक क्रियापदाचं एक बरोबर आणि एक चुकीचं वाक्य लिहा. चुकीच्या वाक्यासमोर कोणती कसोटी हुकली, तेवढाच शब्द टाका: ‘मुद्दाम’, ‘चिकटून’ किंवा ‘दिशा’.