गार्डनमधली ओपन जिम नीट कशी वापरायची: कुठल्या मशीनवर काय आणि किती

आमच्या घरामागच्या गार्डनमध्ये ओपन जिम बसवून आता सहा वर्षं होतील आणि मी रोज सकाळी साधारण तेच बघते, एअर वॉकरला (उभं राहून पाय मागेपुढे झुलवायचं मशीन) नंबर लागलेले, ट्विस्टरवर दोघीतिघी गप्पा मारत कंबर फिरवतायत, आणि शेजारी लेग प्रेस नि चेस्ट प्रेस रिकामे, त्यांच्या सीटवर लोकांचे स्वेटर आणि पाण्याच्या बाटल्या ठेवलेल्या. महिनाभर असं केलं की लोक म्हणतात काहीच फरक नाही पडला. अहो कसा पडणार, सगळा वेळ झोके घेण्यात गेला, ताकदीच्या मशीनला हातच लागला नाही! मला स्वतःला हे कळायला वर्ष गेलं, आणि कळलं तेसुद्धा सासऱ्यांमुळे, ते पुढे सांगते.

आधी मशीन ओळखा

मशीनवरची पाटी उन्हाने उडालेली असते, उरलेली असली तरी त्यावर एक बाण काढलेलं चित्र आणि इंग्रजी नाव, त्यातून काही कळत नाही. म्हणून मी सगळ्यांना एक सोपी खूण सांगते. मशीनवर बसा, हँडल ओढा किंवा ढकला, आणि बघा तुम्ही सीटसकट उचलले जाताय का. उचलले जात असाल तर ते ताकदीचं मशीन. ह्यात वजनाच्या प्लेटा नसतात, लोखंडी दांड्यांची जोडणी अशी असते की तुमच्याच शरीराचा काही भाग तुम्ही उचलता, त्यामुळे ८० किलोच्या माणसाला तेच मशीन जड लागतं आणि ५० किलोच्या बाईला हलकं. चेस्ट प्रेस, पुलर (वरून हँडल खाली ओढायचं ते), लेग प्रेस, हॉर्स रायडर (घोड्यावर बसल्यासारखं बसून पाय ढकलत हँडल ओढायचं ते), रोअर (वल्हं मारल्यासारखं ओढायचं ते) ही सगळी ह्या घरातली.

उचलले जात नसाल, नुसतं काहीतरी झुलतंय किंवा फिरतंय, तर ते सांधे मोकळे करायचं मशीन. एअर वॉकर, ट्विस्टर, शोल्डर व्हील, पेंडुलम. ह्यांच्यात बेअरिंग असतं आणि अडवणारं काहीच नसतं, एकदा हेलकावा बसला की मशीनच तुम्हाला हलवतं. क्रॉस ट्रेनर आणि सायकल मधल्यामध्ये येतात, जोर फारसा लागत नाही पण सलग केलं तर दम लागतो. आणि शेवटी नुसते बार, सिंगल बार, डबल बार, सिटअपचा पाट, ज्यांच्यात हलणारं काहीच नाही आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा तिथेच आहे.

ही सगळी मशिनं कुठल्याही गावात गेलं तरी सारखीच का दिसतात असा मला नेहमी प्रश्न पडायचा. ही धाटणी मुळात चीनमधल्या बागांतली, तिथल्या सरकारने १९९५ साली सगळ्या जनतेसाठी फिटनेसचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला आणि मग वस्त्यावस्त्यांत अशी मशिनं बसली. डबल बार मात्र आपल्याकडच्या तालमींत आणि व्यायामशाळांत आधीपासूनच होता, त्यासाठी कोणाला पाटी वाचावी लागत नाही.

पायरी १: बसायच्या आधी मशीन हलवून बघा

दोन्ही हातांनी खांब धरा आणि जोरात हलवा. जमिनीपाशी बोल्ट हलतायत का, पायटा (पाय ठेवायची पट्टी) एका बाजूला झुकलाय का, वेल्डिंगजवळ चीर दिसतेय का, हँडलचं रबर निघून नुसता पाइप उरलाय का. कर्रर्र आवाज आला तर बेअरिंग सुकलंय, ते एकवेळ चालेल, पण खटखट आवाज येत असेल आणि दांडी आडवी हलत असेल तर त्यावर चढू नका. पावसाळ्यात पायटे पुसूनच चढायचं, फडकं जवळ ठेवा. मे महिन्यात दहानंतर लोखंडाला हात लावू नका, चटका बसतो.

स्लीपर घालून येऊ नका, शूज हवेतच. ओढणी कमरेला बांधा, पदर खोचा, कारण दांड्यांच्या सांध्यात कापड अडकतं आणि अडकलं की ओढूनच घेतं. लहान मुलांची बोटं पण तिथेच जातात. युरोपात ह्या मशिनांसाठी ईएन १६६३० नावाचं वेगळं स्टँडर्ड आहे, त्यात ही मशिनं १४० सेंटिमीटरपेक्षा जास्त उंचीच्या लोकांसाठी धरलीयत. म्हणजे आपली पहिली-दुसरीतली मुलं एअर वॉकरचा पाळणा करतात ते बंद करायला हवं. रागावून नको, त्यांना झोपाळ्याकडे घेऊन जा.

पायरी २: पाच-सात मिनिटं अंग गरम करा

गार्डनला दोन चकरा मारा, मग शोल्डर व्हील. चाकाच्या मधल्या आसासमोर आपला खांदा येईल असं उभं राहा, एकदम लांब नाही, आणि सावकाश १० फेरे एका बाजूने, १० दुसऱ्या बाजूने. खांदा आखडलेल्यांनी, शुगर असलेल्या खूप जणांना हा त्रास होतो, दुखेल तिथे थांबायचं, रेटून वर न्यायचं नाही.

मग एअर वॉकर. ह्याच्यावर पडतात ते जवळजवळ नेहमी चढताना नाहीतर उतरताना, म्हणून नीट लिहिते. दोन्ही हात बारवर, पायटे थांबलेले, एक पाय ठेवा, वजन टाका, मग दुसरा. उतरताना झुलणं पूर्ण थांबू द्या, मग एक पाय जमिनीवर, तो टेकला की दुसरा. गप्पा मारता मारता झुलत्या पायट्यावरून उडी मारायची नाही. झोका पण साध्या चालण्याएवढाच घ्या, पाय पार मागेपुढे फेकले की जांघेत ओढ बसते आणि दुसऱ्या दिवशी कळते. दोन-तीन मिनिटं पुरे. इथे वीस मिनिटं घालवू नका ही माझी हात जोडून विनंती आहे.

पायरी ३: ताकदीची मशिनं

आता सासऱ्यांचं. बहात्तराव्या वर्षी ते खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी रेटा द्यायचे आणि तरी दुसऱ्या प्रयत्नात उठायचे. गुडघ्याचे फोटो काढले, डॉक्टर म्हणाले झीज वयाप्रमाणे आहे, मांडीत ताकद आणा. आम्ही त्यांना रोज गार्डनला नेत होतोच, पण ते फक्त एअर वॉकर करायचे, तेव्हा फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिल्यांदा विचारलं की तिथे लेग प्रेस आहे ना, मग ते का नाही करत? मी गप्प बसले कारण मी स्वतःपण करत नव्हते.

लेग प्रेस असं करायचं. सीटवर पार मागे सरकून बसा, कंबर टेकलेली पाहिजे. टाचा पायट्यावर पूर्ण टेकवा, नुसत्या चवड्यांनी ढकलायचं नाही. मनात तीन आकडे मोजत पाय लांब करा, सीट मागे-वर जाईल, गुडघा एकदम कडक सरळ करून लॉक करू नका, थोडा वाकलेला ठेवा. मग परत तीन आकडे मोजत खाली या. हे खाली येणं महत्त्वाचं आहे, बहुतेक जण धाडकन सोडतात, मशीन खाड् करून आपटतं आणि अर्धा व्यायाम वाया जातो (आणि मशीन पण त्यानेच लवकर खराब होतं). १० वेळा करा, मिनिटभर थांबा, परत १०. सासऱ्यांनी सुरुवात ५ पासून केली होती. सोबत गार्डनच्या बाकावरून हात न लावता उठ-बस, तीसुद्धा ५ पासून. तिसऱ्या महिन्यात एका लग्नात जेवून ते प्लास्टिकच्या खुर्चीतून सरळ उठून उभे राहिले, दोन्ही हात उष्टे होते म्हणून टेकवले नाहीत, आणि आमच्याकडे बघून हसले. मला ते हसू अजून आठवतं.

चेस्ट प्रेसला पाठ सीटला टेकवा, हँडल छातीच्या रेषेत, खांदे कानाकडे चढू देऊ नका. ढकलताना श्वास सोडा, परत येताना घ्या. बीपीवाल्यांनी हे अगदी पक्कं लक्षात ठेवा, श्वास कोंडून जोर लावला की बीपी एकदम चढतं. मोठ्याने आकडे मोजत केलं तर श्वास कोंडताच येत नाही.

पुलर म्हणजे चेस्ट प्रेसच्या उलट. हँडल खाली ओढताना कोपरं बरगड्यांकडे आणा, मान पुढे काढू नका. दिवसभर लॅपटॉपवर वाकून बसणाऱ्यांनी ढकलण्यापेक्षा ओढण्याचे सेट जास्त करावेत. हॉर्स रायडर आणि रोअरला पाठ ताठ, कमरेतून वाकून झटके द्यायचे नाहीत, जोर पायाने लावायचा आणि हात सोबतीला. कमरेचं दुखणं असेल तर ही दोन्ही सोडून द्या, वरची तीन पुरेत.

एक अडचण येते. महिना-दोन महिन्यांत मशीन हलकं वाटायला लागतं आणि ह्याला वजन वाढवायची सोय नाही. मग काय करायचं, आकडे १० चे १५ करा, खाली येताना तीनऐवजी पाच मोजा, वर गेल्यावर दोन सेकंद थांबा. वेग वाढवू नका, वेगाने केलं की हेलकाव्यावर निघून जातं आणि सोपंच होतं. तेही हलकं झालं की बारकडे वळा. कमरेएवढ्या उंचीच्या बारवर हात टेकून तिरके जोर मारा, जमिनीवरच्या जोरापेक्षा खूप सोपे जातात आणि बायकांना सुरुवातीला हेच उत्तम. सिंगल बारला पाय जमिनीला थोडे टेकवून १०-१५ सेकंद लटका. सकाळी आर्मी भरतीची तयारी करणारी पोरं असतात बारवर, त्यांना विचारलं तर फार प्रेमाने शिकवतात, मला पकड कशी घ्यायची ते अशाच एका पोराने दाखवलं.

पायरी ४: दम आणि तोल

क्रॉस ट्रेनर नाहीतर भरभर चालणं, १० मिनिटं. वेग किती, तर बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता आलं नाही पाहिजे. डब्ल्यूएचओच्या २०२० च्या गाइडलाइनप्रमाणे मोठ्या माणसांना आठवड्याला निदान १५० मिनिटं असा मध्यम दमाचा व्यायाम आणि २ दिवस ताकदीचा व्यायाम हवा, आणि ६५ च्या पुढच्यांना ३ दिवस तोल आणि ताकदीचाही. तोलासाठी मशीन लागत नाही, खांबाला एक बोट लावून एका पायावर १० सेकंद उभं राहा, मग दुसऱ्या. ताकदीच्या मशिनांमध्ये एक दिवसाआड गॅप ठेवा, चालणं रोज.

ट्विस्टरबद्दल

ह्याने पोट कमी होत नाही. एका जागची चरबी तिथलाच व्यायाम करून उतरत नाही, कोणी कितीही सांगितलं तरी. आणि कमरेच्या मणक्यांना फिरायची मुभा मुळात फार कमी, फिरायला पाहिजेत ते खुबे आणि छातीमागचे मणके. म्हणून खांदे समोर स्थिर, बार घट्ट धरलेला, गुडघे किंचित वाकलेले, आणि चकती घड्याळात दहा ते दोन एवढीच फिरवा, सावकाश, मिनिटभर. झटके देऊन पूर्ण वळणं घेणाऱ्या काकू दिसल्या की माझ्या पोटात गोळा येतो. स्लिप डिस्क, सायटिका, हाडं ठिसूळ झालेली असतील त्यांनी चढूच नये.

कधी थांबायचं

छातीत दाब, चक्कर, जबडा किंवा डाव्या हातात कळ, एकदम घाम, ह्यातलं काहीही झालं तर लगेच बसा आणि शेजारच्याला सांगा, एकट्याने घरी चालत निघू नका. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी येऊ नका आणि खिशात साखर नाहीतर ग्लुकोजची पुडी ठेवा. बायपास, अँजिओप्लास्टी, सांधा बदललेला, गरोदरपण, ह्यात आधी डॉक्टरांना मशीनचं नाव सांगून विचारा, मोबाइलमध्ये फोटो काढून नेला तर त्यांनाही नीट कळतं.

मशीन मोडलं तर

आमच्याकडे एअर वॉकरचा उजवा पायटा वेल्डिंगपाशी तडकला होता. तीनदा तक्रार केली, दोन महिने कोणी फिरकलं नाही, तेवढ्यात एक मुलगी त्यावरून पडली आणि हनुवटीला टाके पडले. तेव्हापासून आम्ही एक पद्धत ठेवलीय. तडा दिसला की त्याच दिवशी सुतळीने पायटा खांबाला घट्ट बांधायचा, लाल कापड लावायचं, म्हणजे ते हलतच नाही. मग जवळून एक फोटो आणि लांबून एक, ज्यात गार्डनची पाटी दिसेल, मशीनवर ठेकेदाराचं नाव किंवा नंबर असेल तर त्याचाही. तक्रार ऑनलाइन टाकायचीच, पण सोबत लेखी अर्ज उद्यान विभागात द्यायचा आणि पोच घ्यायची, खाली १०-१५ जणांच्या सह्या. बसवून दिल्यावर देखभाल किती वर्षं कोणाकडे आहे ते त्याच अर्जात विचारायचं. मागच्या वेळी असं केलं तर नऊ दिवसांत वेल्डिंगवाला आला. जाताना आम्ही त्याच्याकडून बाकीच्या बेअरिंगमध्ये ग्रीसही भरून घेतलं, आणि आता ते दर पावसाळ्यानंतर आम्हीच वर्गणी काढून भरतो.