‘गर्भ पिशवीत आहे’ एवढ्यावर थांबू नका: नळीबाहेरच्या एक्टोपिकमध्ये या चुका टाळा

एक्टोपिक, म्हणजे गर्भाशयातल्या नेहमीच्या जागेबाहेर रुजलेला गर्भ, म्हटलं की आधी गर्भनलिका आठवते, आणि ते बरोबरच आहे. शंभरातले नव्वदहून अधिक एक्टोपिक गर्भ नळीतच रुजतात. उरलेले थोडे मात्र भलत्याच जागा धरतात: सिझरचा जुना व्रण, गर्भाशयमुख, किंवा नळी पिशवीच्या भिंतीतून आत शिरते तो कोपरा. गंमत अशी, की सोनोग्राफीत हे तिन्ही वरवर पाहता पिशवीतच दिसतात. रिपोर्टवर ‘गर्भ पिशवीत आहे’ असं लिहिलं जातं, सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. पिशवीत नेमका कुठे, हे त्या रिपोर्टवर आलंच पाहिजे.

घाईचं क्युरेटिंग (पिशवी खरवडून साफ करणं)

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. सहा-सात आठवडे झालेत, आधीचं सिझर आहे, थोडं अंगावरून जातंय. सोनोग्राफीत गर्भ खाली, मुखाजवळ दिसतो. ‘गर्भपात होतोय, गर्भ सुटून खाली आलाय, साफ करून टाकू’ असा निष्कर्ष पटकन निघतो. पण गर्भ सुटलेला नसून तिथेच, व्रणात किंवा मुखात, रुजलेला असेल तर? पिशवीच्या वरच्या भागात स्नायू आवळतो आणि रक्तवाहिन्या दाबून बंद करतो. व्रणात आणि मुखात आवळायला पुरेसा स्नायूच नसतो. क्युरेट फिरला की रक्त थांबता थांबत नाही, आणि पिशवी काढून टाकण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

फरक ओळखायला दोन मिनिटं पुरतात. योनिमार्गातून सोनोग्राफी करताना प्रोब (सोनोग्राफीची दांडी) हलकेच पुढे दाबायचा. सुटलेला गर्भ मुखाच्या आतल्या भिंतीवरून सरकतो. रुजलेला जागचा हलत नाही. मग कलर डॉप्लर लावायचा. रुजलेल्या गर्भाभोवती रक्तप्रवाहाचं रंगीत कडं दिसतं, सुटलेल्याभोवती ते नसतं. आणि एवढ्या खाली हृदयाचे ठोके दिसत असतील, तर ‘होत असलेला गर्भपात’ हे शब्द लिहिण्याआधी हात थांबवा. तरीही शंका उरली आणि बाईची तब्येत स्थिर असली, तर एक-दोन दिवसांनी पुन्हा बघा. सुटलेला गर्भ तोवर बहुधा तिथे नसतोच.

व्रणातला गर्भ पाहताना मूत्राशय थोडं भरलेलं असू द्या. पिशवीची पोकळी रिकामी, मुख रिकामं, गर्भ पुढच्या भिंतीत खाली, आणि त्याच्या व मूत्राशयाच्या मध्ये स्नायूचा पातळसा पडदा, कधी तोही नाही: असं चित्र दिसतं. हे सहा-सात आठवड्यांना नीट कळतं. पुढे गर्भ वाढून पोकळीत वर सरकतो आणि नेहमीच्या गर्भासारखा दिसू लागतो. वार मात्र व्रणातच खोल रुतत जाते. म्हणून सिझर झालेल्या बाईची पहिली सोनोग्राफी ‘तिसऱ्या महिन्यात करू’ म्हणून ढकलू नये.

उपचारातली जोडचूक म्हणजे मेथोट्रेक्सेटचं (गर्भाची वाढ थांबवणारं औषध) नुसतं कमरेतलं इंजेक्शन देऊन वाट पाहणं. व्रणातल्या गर्भाला एवढ्यावर भागत नाही. सोनोग्राफीत बघत गर्भातच औषध सोडणं, सोनोग्राफीच्याच नजरेखाली सक्शन, किंवा शस्त्रक्रियेने व्रण काढून पुन्हा शिवणं, यांपैकी काय करायचं ते अनुभवी टीमने आणि रक्ताची सोय हाताशी ठेवून ठरवावं.

कोपऱ्यातला गर्भ

इथे दोन्ही बाजूंनी चुकता येतं. नळीच्या भिंतीतल्या भागात रुजलेल्या गर्भाभोवती स्नायूचा थर 5 मिलिमीटरपेक्षा कमी असतो, आणि पोकळीपासून गर्भाकडे जाणारी एक पांढरी रेघ दिसते. तो फुटला तर रक्तस्राव भयंकर होतो. ‘बाराव्या आठवड्यापर्यंत फुटत नाही’ या जुन्या समजावर विसंबू नका, त्याआधीही फुटतो. त्या बाजूची नळी पूर्वी काढली आहे, हासुद्धा भरवसा नाही, कारण भिंतीतलं टोक उरलेलंच असतं. उलट, पोकळीच्या आतच पण कोपऱ्याला बसलेला गर्भ नीट वाढूही शकतो. त्याला घाईने एक्टोपिक ठरवलं, तर हवंहवंसं मूल जातं. थ्रीडी सोनोग्राफी इथे कामी येते.

एक दिसला की प्रोब बाहेर

पिशवीत एक गर्भ आणि बाहेर दुसरा, हे आपोआप राहिलेल्या गर्भात फार क्वचित होतं. पुस्तकांत 30,000 मध्ये एक असा जुना अंदाज आहे. आयव्हीएफनंतर मात्र हे बरंच जास्त आढळतं. आतला गर्भ दिसला तरी पिशवीच्या दोन्ही बाजू आणि पोटात साठलेलं पाणी पाहूनच तपासणी संपवा. बीटा एचसीजी (रक्तातलं गर्भधारणेचं हार्मोन) इथे उपयोगी नाही, आतला गर्भ तो आकडा वाढवतोच. आतलं मूल हवं असेल तर मेथोट्रेक्सेट अजिबात नाही.

अंडाशयातला गर्भ बहुतेकदा कॉर्पस ल्युटियम (बीज सुटल्यावर अंडाशयात उरणारी गाठ) समजला जातो आणि दुर्बिणीतून पाहतानाच कळतो. पोटाच्या पोकळीत रुजलेल्या गर्भाची वार आतड्यांना किंवा मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटलेली असेल, तर ती ओढून काढण्यापेक्षा जागेवर सोडणं पुष्कळदा शहाणपणाचं.

आकड्यांची गल्लत

‘एचसीजी 1500 च्या खाली आहे, म्हणजे एक्टोपिक नाही’ हे वाक्य चूक. कमी आकड्यातही गर्भ फुटतो. एका आकड्यावरून जागा कळत नाही. 48 तासांनी पुन्हा तपासून चढउतार बघावा लागतो. मेथोट्रेक्सेट दिल्यावर चौथ्या दिवशी आकडा थोडा वाढला तर घाबरू नका. चौथ्यापासून सातव्या दिवसापर्यंत तो निदान 15 टक्के उतरला पाहिजे.

आणि एक साधी गोष्ट, जी हमखास राहून जाते: फॉलिक ॲसिडच्या गोळ्या. दिवस गेल्यावर सुरू केलेल्या त्या गोळ्या घरी चालूच राहतात आणि मेथोट्रेक्सेटचा जोर कमी करतात. इंजेक्शन देतानाच त्या बंद करायला सांगा. पोटात अचानक कळ, भोवळ किंवा खांद्याच्या टोकाला दुखणं यांपैकी काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच यायचं, हे तिला आणि सोबत आलेल्या माणसालाही बजावा. रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचं बघा. आणि एचसीजी शून्यावर येईपर्यंत फाईल बंद करू नका.