डिस्क ड्रायव्हरमधले मेमरी एरर शोधताना या चुका टाळा

कर्नल पॅनिकचा (कर्नल कोसळतो तेव्हाचा) स्टॅक ट्रेस, म्हणजे बोलावलेल्या फंक्शन्सची यादी, फाइल सिस्टमच्या फंक्शनवर बोट दाखवतो आणि नवशिके तिथलाच कोड उसवायला बसतात. तो कोड बहुतेक वेळा निर्दोष असतो. मेमरी आधीच खराब झालेली होती, त्याने ती फक्त वाचली. खराब करणारा बऱ्याचदा प्रोसेसरही नसतो. डिस्क कंट्रोलर डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मधे न घेता, थेट रॅममध्ये लिहितो. म्हणून कोसळलेली ओळ बघण्याआधी बिघडलेले बाइट बघा. लिनक्समध्ये स्लब (कर्नलचा मेमरी वाटप करणारा भाग) डीबगिंगचं पॉइझनिंग चालू असेल तर फ्री केलेल्या मेमरीत हेक्साडेसिमल ६बी हा बाइट भरलेला असतो. त्या भरावात मधेच सलग ५१२ किंवा ४०९६ बाइटचा (डिस्क सेक्टरच्या मापाचा) परका तुकडा दिसला, तर संशय डीएमएवरच घ्या.

यातली सगळ्यात घातक चूक म्हणजे टाइमआउट झाला की लगेच बफर फ्री करणं. लिनक्समध्ये स्कझी (डिस्कशी बोलण्याची एक पद्धत) डिस्कच्या कमांडला सहसा ३० सेकंद मिळतात. डिस्क एका खराब सेक्टरवर अडकते, वेळ संपते, ड्रायव्हर रिक्वेस्ट फेल करून बफर सोडून देतो. पण कंट्रोलरला हे कोणी सांगितलेलंच नसतं. ३१व्या सेकंदाला सेक्टर वाचला जातो आणि डेटा जुन्याच पत्त्यावर उतरतो. तोवर ती जागा एखाद्या डेंट्रीला (फाइलच्या पाथची कर्नलमधली नोंद) मिळालेली असते. कर्नल कोसळतो तो आणखी काही मिनिटांनी, कोणी तो पाथ उघडल्यावर, आणि ट्रेसमध्ये ड्रायव्हरचं नावही नसतं.

इथे केसॅन (कर्नलमधल्या मेमरी चुका शोधणारं साधन) चालवून 'काही सापडलं नाही, रॅमच खराब असेल' म्हणणारे खूप भेटतात. केसॅन कंपायलरने घातलेल्या तपासण्यांवर चालतो, त्यामुळे त्याला प्रोसेसरचं लिहिणं दिसतं, डिव्हाइसचं नाही. डिव्हाइसला पकडायला आयओएमएमयू (डिव्हाइस कोणत्या मेमरीला हात लावू शकतो ते ठरवणारं हार्डवेअर) लागतो, तोही स्ट्रिक्ट मोडमध्ये. लेझी मोडमध्ये अनमॅपनंतरही (बफरपर्यंतची डिव्हाइसची वाट काढून घेतल्यावरही) जुनं मॅपिंग थोडा वेळ जिवंत राहतं आणि चोर निसटतो. शिवाय आयओएमएमयूचं संरक्षण पानापानाचं (मेमरीच्या ठरावीक तुकड्यांचं) असतं, म्हणून डीबग करेपर्यंत प्रत्येक बफरला ४ केबीचं स्वतंत्र पान द्या.

चाचणीच्या डिस्कवर आधी प्रत्येक सेक्टरमध्ये त्याचाच एलबीए क्रमांक (डिस्कवरचा सेक्टरचा पत्ता) भरून ठेवावा. मग बिघडलेली मेमरी स्वतःच सांगते की कोणत्या रिक्वेस्टचा डेटा इथे आला. टाइमआउट सिसएफएसमधून (कर्नलच्या सेटिंगच्या फाइल्स) १ सेकंदावर आणून भरपूर लोड द्या, म्हणजे बग दिवसभर वाट बघायला लावत नाही.

दुरुस्तीत क्रम महत्त्वाचा. कमांड अबॉर्ट करा. कंट्रोलरने अबॉर्ट मान्य केला नाही तर रीसेट करा आणि तो पूर्ण झाल्याचं स्टेटस रजिस्टरमधून वाचा. तेही जमलं नाही तर पीसीआय बस मास्टरिंग (डिव्हाइसची स्वतःहून मेमरीत लिहिण्याची मुभा) बंद करा. मगच अनमॅप, आणि फ्री सगळ्यात शेवटी. टाइमआउट ३० चा १२० करणं किंवा मधे स्लीप टाकणं ही दुरुस्ती नाही. बग तसाच राहतो, फक्त तो ग्राहकाच्या मशीनवर फुटतो. असा पॅच पुढे पाठवूच नये.

दुसरी नेहमीची चूक स्कॅटर-गॅदर यादीची, म्हणजे बफरच्या विखुरलेल्या तुकड्यांच्या यादीची. मॅप करताना शेजारचे तुकडे जोडले जाऊ शकतात, म्हणून १६ नोंदी दिल्या तरी परत ११ येऊ शकतात. हार्डवेअरला ११ द्यायच्या, पण अनमॅप करताना मूळ १६ च सांगायच्या. हे दोन आकडे वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवा. अशी अदलाबदल डीएमए-एपीआय डीबग पर्याय लगेच पकडतो, तरी लोक तो चालू करत नाहीत.

स्टॅकवरचा बफर डीएमएला देऊ नका. व्हीमॅप स्टॅक (आभासी पत्त्यांवर सलग मांडलेला स्टॅक) असलेल्या कर्नलमध्ये ती पानं भौतिक मेमरीत सलग असतीलच असं नाही.

मॅपिंगचा एरर प्रत्येक वेळी तपासा.

आयओ पूर्ण करण्याच्या वाटेवर मेमरी मागताना नोआयओ फ्लॅग ('त्यासाठी डिस्कवर लिहू नको' ही सूचना) वापरा. नाहीतर मेमरी मोकळी करायला कर्नल तुमच्याच डिस्कवर लिहू पाहतो आणि दोघं एकमेकांची वाट बघत अडकतात.

इंटरप्ट हँडलरमध्ये प्रिंटकेचा (कर्नल लॉगमध्ये संदेश छापणं) भडिमार नको, त्याने टायमिंग बदलून बग लपतो. त्याऐवजी ट्रेसपॉइंट (कोडमधल्या हलक्या नोंदीच्या जागा) घाला आणि क्रॅशच्या वेळी त्या नोंदींचा रिंग बफर डंप होईल अशी सोय आधीच करून ठेवा.